पाया खणला जातो तेव्हा

बसा. पाठ टेकली तरी चालेल.

हात मांडीवर सोडून द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. त्याला काही शिकवू नका.

आता एक जमीन डोळ्यांसमोर आणा.

जमीन अमेरिकेतली आहे. टेक्सासात, डॅलसच्या बाजूला. सपाट, मोकळी. पहाटेचा गारवा अजून मातीत आहे. दूरच्या रस्त्यावरून एक गाडी जाते. तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहतो.

जागा रिकामी आहे. बघत राहा.

थोडं बघितलं की रंग दिसू लागतात. गवतावर कोणीतरी फवाऱ्यानं रेघा ओढल्या आहेत.

पिवळी रेघ आहे. तिच्याखाली गॅसची नळी आहे.

लाल रेघेखाली विजेची तार आहे. निळीखाली पिण्याचं पाणी. नारिंगीखाली फोनच्या तारा. हिरवीखाली सांडपाणी.

आणि एक पांढरी रेघ आहे. तिच्याखाली अजून काही नाही. तिथे खणायचं आहे.

अमेरिकेत खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करतात. देशभर हा एकच क्रमांक, २००७ पासूनचा. फोन केला म्हणून लगेच कुदळ मारता येत नाही. दोन-तीन दिवस थांबावं लागतं. गॅसवाले येतात, वीजवाले येतात, पाणीवाले येतात. आपापली रेघ ओढून निघून जातात.

जमीन थांबली आहे. तुम्हीही थांबा.

नकाशा मंजूर आहे. परवाना हातात आहे. घर नाही.

श्वास आत घ्या. श्वास बाहेर सोडा.

घर अजून नाही.

* * *

आता यंत्र येतं. आपण ज्याला सरसकट पोकलेन म्हणतो, तसलं.

इंजिनाची घरघर आधी पायांना कळते, मग कानांना.

यंत्राचा हात वर जातो. खाली येतो. बकेटचे दात जमिनीला टेकतात. क्षणभर काहीच होत नाही.

मग माती उघडते.

वास घ्या. खालच्या मातीला ओल आहे. डॅलसच्या भागातली ही माती काळी असते, आपल्या देशावरच्या काळ्या मातीच्या गोत्रातली. उन्हात भेगाळते. पावसात फुगते. तिच्यावर घर उभं करायचं तर पायाला फार सांभाळून घ्यावं लागतं.

चर एक हात लांब झाला आहे. अजून त्याला आकार नाही. कडेवरून ढेकळं घरंगळतात आणि तळाशी जाऊन थांबतात.

इथेच राहा. पुढचं बघायची घाई नको.

अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोच्या, म्हणजे जनगणना खात्याच्या, लेखी घर या क्षणी सुरू झालं.

जमीन विकत घेतली, तेव्हा झालं नव्हतं. कर्ज मंजूर झालं, तेव्हाही नाही. परवाना मिळाला तेव्हा त्याची नोंद वेगळ्या रकान्यात झाली. झाडं काढली, जागा सपाट केली, तेव्हा तर कोणी काहीच मोजलं नाही.

इमारतीच्या पायासाठी खोदकाम सुरू झालं, की घर सुरू झालं. व्याख्या एवढीच आहे.

याच वसाहतीत एखादं मराठी कुटुंब आधी येऊन भूमिपूजन करून गेलं असेल. नारळ फुटला असेल. हळदकुंकू वाहून झालं असेल. घरातल्या थोरल्या माणसानं पहिली कुदळ मारली असेल. मोजणारा तिकडे बघत नाही. तो पायाच्या चराची वाट बघत उभा आहे.

तुम्हीही चराकडे बघा.

काळी ओल. दातांच्या खुणा. कडेला मातीचा ढीग.

* * *

या एका चराशेजारी आता दुसरा चर आणा.

हा शहरातला आहे. मोठा आहे. इथे दोनशे फ्लॅटची इमारत होणार आहे.

यंत्राचा हात खाली येतो. दात टेकतात. माती उघडते.

त्याच क्षणी दोनशे घरं सुरू झाली.

एकेक मजला चढेल तसतशी ती मोजली जात नाहीत. खोदकाम सुरू झालं, की त्या इमारतीतली सगळी घरं एकदम त्या महिन्याच्या खात्यात पडतात.

म्हणून महिन्यात सुरू झालेल्या घरांचा आकडा कधी कधी उडी मारतो. अशा बऱ्याच मोठ्या इमारतींचे पाये एकाच महिन्यात खणले गेले तर देशाचा आकडा हलतो. रोज हा आकडा हाताळणारी माणसं एकेकट्या घरांचा रकाना वेगळा काढतात आणि आधी तो वाचतात. तो सावकाश हलतो.

आता तिसऱ्या जागेकडे बघा. इथे चर नाही.

कारखान्यात तयार झालेलं घर चाकांवर बसून रस्त्यानं येतं. जागेवर टेकतं. संध्याकाळी त्यात दिवा लागतो. या मोजणीत ते नाही. त्याची मोजदाद वेगळी होते.

जुन्या गोदामात भिंती घालून फ्लॅट काढले जातात. माणसं राहायला येतात. तेही या मोजणीत नाही. पाया तर आधीच खणलेला होता.

कोणतीही नजर एका जागी टेकली की बाकीचं तिच्या कडेला जातं.

कडेला काय गेलं, तेही एकदा बघून घ्या. मग पुन्हा चराकडे या.

* * *

आता चराजवळ एक माणूस उभा करा.

तो गवंडी नाही. मुकादम नाही. घरमालकही नाही. त्याच्या हातात प्रश्नांचा कागद आहे. तो ब्युरोसाठी हिंडणारा माणूस आहे.

अमेरिकेत बांधकामाचे परवाने देणारी सुमारे २०,००० ठिकाणं आहेत. शहरं, गावं, परगणे. सगळीकडे जाणं शक्य नसतं. त्यातली काही ठिकाणं नमुना म्हणून निवडतात. त्या कचेऱ्यांतून काही परवाने उचलतात. आणि मग एकेका परवान्यामागे विचारत जातात.

खणायला सुरुवात झाली का?

अजून नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात. झाली का?

झाली. गेल्याच आठवड्यात.

नोंद होते. प्रश्न इथे संपत नाही. आता तो बदलतो. घर पूर्ण झालं का? अजून नाही. पूर्ण झालं का? अजून नाही. एका घराची चौकशी महिनोन् महिने चालते.

काही भागांत परवान्याची पद्धतच नाही. तिथे कागद नसतो, कचेरी नसते. अशा निवडक भागांतून ब्युरोची माणसं वर्षानुवर्षं गाडीनं हिंडत आली आहेत. तिथला रस्ता न् रस्ता, दर तीन महिन्यांतून निदान एकदा.

त्या गाडीत बसा.

काच खाली आहे. वेग कमी आहे. दोन्ही बाजूंना शेतं आहेत. गेल्या खेपेला इथे कुंपण होतं. कुंपण आहे. इथे ओढा होता. ओढा आहे. इथे नुसतं गवत होतं.

गवत आहे.

पुढे चला. सावकाश.

इथेही गवत होतं. आता मातीचा ढीग दिसतो आहे.

गाडी थांबते.

* * *

अशा हजारो नोंदी जमतात. त्यांच्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. महिन्यातून एकदा सेन्सस ब्युरो आणि अमेरिकेचं गृहनिर्माण खातं मिळून तो आकडा प्रसिद्ध करतात. १९५९ पासूनची महिन्यामहिन्याची ही माळ आज अखंड हातात आहे.

आकडा मोठा असतो. लाखांत असतो. मनाला तो पकडता येत नाही.

म्हणून त्याला श्वासावर ठेवू या.

वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. रात्री धरून, सुट्ट्या धरून. सुरू झालेल्या घरांनी त्यांना भागलं, की एका घरासाठी किती सेकंद गेले ते कळतं.

आधी श्वास बघा. शांत बसलेल्या माणसाचा एक संथ श्वास, आत आणि बाहेर मिळून, सात-आठ सेकंदांचा धरा.

आता २००५ साल.

त्या वर्षी अमेरिकेत २० लाख ६८ हजार घरं सुरू झाली. म्हणजे दर पंधरा सेकंदांना एक.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

एक चर उघडला.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

आणखी एक.

दोन श्वासांना एक घर. दिवसरात्र, वर्षभर. पुढच्या जानेवारीत, २००६ साली, वेग आणखी वाढला. वर्षाला २२ लाख ७३ हजारांच्या दरानं घरं सुरू होऊ लागली. दोन श्वाससुद्धा पूर्ण होईनात.

कर्ज सहज मिळत होतं. किंमत वाढतच जाणार असं सगळ्यांना वाटत होतं. नेवाडा, ॲरिझोना, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया. वाळवंटाच्या कडेपर्यंत रेघा पोचल्या होत्या.

त्या वेगात थोडं बसा. तो वेग अंगाला कसा लागतो ते बघा.

आता सोडून द्या.

२००९ साल आणा.

त्या वर्षी सुरू झालेली घरं ५ लाख ५४ हजार. एका घरामागे सत्तावन्न सेकंद.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

यंत्र उभं आहे.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

बकेट जमिनीवर टेकलेली आहे. तिच्यात पावसाचं पाणी साचलं आहे.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

पांढरी रेघ पुसट झाली आहे.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

आता कुठे एक चर उघडतो.

त्यातही एप्रिल महिना सगळ्यात रिकामा होता. वर्षाला ४ लाख ७८ हजारांचा दर. एका घरामागे सहासष्ट सेकंद. १९५९ पासूनच्या माळेत त्याआधी इतकं अंतर कधी पडलेलं नव्हतं.

या अंतराचा अर्थ लगेच लावू नका. अंतराला अंतर राहू द्या.

त्यात माणसं आहेत. बांधकामावरचे सुतार घरी बसले आहेत. कोणी दुसऱ्या राज्यात गेला आहे. कोणी मेक्सिकोला परतला आहे. शहराबाहेर रस्ते तयार आहेत, कडेचे दगड बसलेले आहेत, आगीच्या बंबासाठी नळ उभे आहेत. मोकळ्या प्लॉटांतून पांढऱ्या नळ्यांची तोंडं वर आली आहेत. घर आलं असतं तर ती त्याच्या न्हाणीघरात गेली असती.

नळ्यांवरून वारा जातो.

ऐका.

* * *

आता जवळचं वर्ष. २०२४.

साडेतेरा लाखांच्या थोडी वर घरं सुरू झाली. एका घरामागे तेवीस सेकंद.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

आत. बाहेर.

एक चर.

तीन श्वास. २००५ च्या मानानं सावकाश. २००९ च्या मानानं भरभर.

तीन श्वास बरे की दोन बरे, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या. त्याला बसायला जागा द्या. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

दोन श्वासांच्या वर्षातही कोणाला तरी घर परवडत नव्हतं. आठ श्वासांच्या वर्षातही कोणीतरी उंबरठ्यावर पहिलं पाऊल टाकलं होतं.

पुन्हा तीन श्वास घ्या. या खेपेला नुसते घ्या. मोजू नका.

* * *

आता थंडी येऊ द्या.

टेक्सास सोडा. उत्तरेकडे वर या. मिनेसोटा. जानेवारी.

जमीन दगडासारखी झाली आहे. बकेटचे दात आपटतात आणि मागे सरतात. तोंडातून वाफ निघते.

जमिनीतलं पाणी गोठलं की फुगतं. फुगलं की वरचं बांधकाम उचलतं. म्हणून इथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात. मिनेसोटाच्या दक्षिण भागात साडेतीन फूट, उत्तरेकडे पाच फूट.

मनानं तेवढं खाली उतरा.

वर बर्फ आहे. त्याखाली कडक माती. त्याखाली आणखी कडक.

आणि त्याखाली माती मऊ आहे. ती हिवाळाभर तशीच असते. तिला वरची थंडी लागत नाही.

घर तिथे टेकतं.

जानेवारीत इकडे फार कमी चर उघडतात. म्हणून देश थांबला, असं म्हणता येत नाही. दरवर्षीच असं होतं. तेव्हा आकडा काढणारे आधी ऋतू बाजूला ठेवतात. इतक्या वर्षांच्या जानेवारींनी किती घरं रोखली, याचा हिशेब करून ती थंडी आकड्यातून काढून घेतात. मेमधली ऊब काढून घेतात. मग जो महिना उरतो त्याला बारांनी गुणतात. वर्षभर हाच वेग राहिला तर किती, एवढंच तो सांगतो.

बातमीत आपण वाचतो तो आकडा असा असतो. ऋतू नसलेला महिना, बारा वेळा मोजलेला.

तुम्ही मात्र ऋतू परत आणा.

नाकाला झोंबणारी हवा परत आणा. मेमधली ओली, सैल माती परत आणा. चर नेहमी कुठल्या तरी हवेत खणला जातो.

* * *

आता आकड्याच्या शेजारी बघा.

तिथे एक छोटी खूण असते. वर अधिक, खाली उणे. तिच्यापुढे आणखी एक आकडा.

समजा लिहिलं आहे, गेल्या महिन्यापेक्षा चार टक्के वाढ. शेजारी लिहिलं आहे, अधिक-उणे दहा.

हळू वाचा.

वाढ चौदा टक्के असू शकेल. सहा टक्के घट असू शकेल. काहीच हललं नसेल, असंही असू शकेल.

अशा ओळीवर ब्युरो स्वतःच एक चांदणी लावतो. चांदणी सांगते की बदल शून्याहून वेगळा आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

सगळे परवाने तपासले नव्हते. सगळ्या रस्त्यांवरून गाडी गेली नव्हती. नमुन्यावरून अंदाज बांधला होता. किती चुकू शकतो, तेही त्यांनी शेजारी लिहून ठेवलं.

त्या अधिक-उणेमध्ये बसा.

वर दहा पावलं. खाली दहा पावलं. मध्ये तुम्ही.

मन एका टोकाला धावेल. वाढलं, म्हणेल. लगेच दुसऱ्या टोकाला धावेल. पडलं, म्हणेल. त्याला धावू द्या. तुम्ही मध्येच बसा.

पुढच्या महिन्यात हाच आकडा बदलतो. उशिरा आलेल्या नोंदी त्यात मिळतात. त्याच्या पुढच्या महिन्यात तो पुन्हा बदलतो. वर्षातून एकदा ऋतूंचा हिशेब नव्यानं होतो, आणि जुनी वर्षंसुद्धा किंचित सरकतात.

एका महिन्यावरून वाट कळत नाही. कित्येक महिने जावे लागतात, तेव्हा खालचा ओघ दिसू लागतो. प्रसिद्धिपत्रकातच हे लिहिलेलं असतं. अनेकांची नजर तिथवर पोचत नाही.

तुम्ही पोचा.

आणि तिथे थोडं थांबा.

* * *

पुन्हा त्या पहिल्या चराशी या. डॅलसजवळच्या.

काठावर बसा. पाय आत सोडा. टाचांना ओल लागते आहे.

आता कान द्या. हा चर उघडण्याआधी कुठे काय ठरलं, ते ऐका.

आधी सगळ्यात जवळचा आवाज. एक बिल्डर टेबलाशी बसला आहे. बोटांनी टेबल वाजवतो आहे. आज खणलं तर घर सात-दहा महिन्यांनी उभं राहील. तेव्हा घेणारा असेल का? त्याच्याकडे नोकरी असेल का? बिल्डर बराच वेळ गप्प आहे. मग हो म्हणतो.

हा चर म्हणजे ते हो आहे.

आणखी लांबचं ऐका. बँकेत कोणीतरी व्याजदर सांगतं आहे. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. घर तेच. हप्ता दुसराच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नवराबायको कागद पुढे ओढतात. पुन्हा मागे सारतात.

मागे सारलेला कागद ऐकू येतो का, बघा.

आणखी लांब जा. ओरेगनच्या जंगलात करवत चालू आहे. जॉर्जियात पाइनचे ओंडके ट्रकवर चढत आहेत. कॅनडाची फळकुटं मालगाडीनं सरहद्द ओलांडत आहेत. कुठे सिमेंट, कुठे तांब्याची तार, कुठे खिडकीची काच. आणि या सगळ्यांच्या मागून फ्रीज, सोफा, पडदे.

सगळं या चराकडे निघालं आहे. किंवा वाटेत थांबलं आहे.

म्हणूनच अर्थतज्ज्ञ इकडे कान लावून बसतात. एडवर्ड लीमर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं २००७ मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सन होलच्या परिषदेत एक निबंध मांडला. घरबांधणी हेच अर्थचक्र आहे, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोवर अमेरिकेत दहा वेळा मंदी आली होती. त्यातल्या आठ वेळा आधी घरबांधणी ढासळली होती, असं त्यांनी दाखवलं. एकदा कोरियातलं युद्ध संपल्यावर लष्करी खर्च आटला म्हणून मंदी आली, आणि एकदा २००१ मध्ये इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला म्हणून.

दहातल्या आठ वेळा चर आधी गप्प झाले.

दहातल्या दोन वेळा झाले नाहीत.

दोन्ही सोबत धरा. आठ एका हातात. दोन दुसऱ्या हातात. हात मांडीवर ठेवा. वजन जाणवू द्या.

* * *

चर खणून झाला.

आता लगेच काही होत नाही.

लोखंड येईल, मग काँक्रीट ओततील. काँक्रीट घट्ट व्हायला त्याचा वेळ घेईल. मग लाकडी सांगाडा उभा राहील, आणि खिळे मारायच्या यंत्राचा ठक ठक आवाज दिवसभर येत राहील. छप्पर. तारा. नळ. भिंती. रंग.

मोजणीत हे सगळं एका रकान्यात असतं. बांधकाम चालू असलेली घरं.

२०२० मध्ये कोविडची साथ आली आणि एप्रिलमध्ये चर एकदम थांबले. सुरू होणाऱ्या घरांचा वार्षिक दर नऊ लाखांच्या थोडा वर उरला. एका घरामागे चौतीस सेकंद. मग व्याज उतरलं, मागणी उसळली. चर भराभर उघडले. पण खिडक्या मिळेनात, गॅरेजचे दरवाजे मिळेनात, माणसं मिळेनात. घरं सुरू व्हायची आणि अडून राहायची. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे सतरा लाख घरं अशी मधल्या अवस्थेत होती. ही मोजणी १९७० पासून होते. तेव्हापासून इतकी घरं एका वेळी अर्ध्यावर कधी नव्हती.

त्यातल्या एका घरात जा.

दार नाही, दाराची चौकट आहे. खिडकीला प्लॅस्टिक लावलं आहे. वाऱ्यानं ते आत येतं, बाहेर जातं.

आत. बाहेर.

जमिनीवर भुसा आहे. ताज्या लाकडाचा वास आहे. एका फळीवर पेन्सिलीनं मापं लिहिली आहेत.

इथे अजून कोणी राहत नाही. तरी ही जागा आता रिकामी म्हणवत नाही.

या खोलीत थोडं बसा. खिडकी येईल तेव्हा येईल.

* * *

आता हळूहळू आपल्या जागी या. पाठ कुठे टेकली आहे ते जाणवू द्या. बोटं हलवा.

उठण्याआधी एक साधना सोबत घ्या. दर महिन्याला करण्याजोगी आहे.

साधारण महिन्याच्या मध्यावर वॉशिंग्टनमध्ये सकाळी साडेआठला हा आकडा येतो. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात. तिकडच्या हिवाळ्यात सात. दिवेलागणीची वेळ.

आकडा आला की आधी तेजी आणि घसरण हे शब्द झाकून ठेवा. फक्त वार्षिक दर बघा. तो लाखांत घ्या. ३१५ ला त्यानं भागा. एका घरामागे किती सेकंद, ते मिळेल.

तेवढे सेकंद बसा. एक चर उघडेपर्यंत.

मग शेजारचं अधिक-उणे वाचा. चांदणी आहे का बघा. एकेकट्या घरांचा रकाना बघा. कागदावर तारीख घालून सेकंद लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात नवे सेकंद त्याखाली लिहा. जुना आकडा सुधारला असेल तर तोही सुधारा. खाडाखोड झाली तरी हरकत नाही, त्यांच्याकडेही होते.

सहा ओळी होईपर्यंत कोणाला काही सांगू नका. सहा ओळी झाल्या की वरपासून खालपर्यंत एकदा वाचा, आणि मग मत बनवायचं असेल तर बनवा.